ट्रॅक्टरची ट्रॉली पावसाळ्यात उभी करताय? या चुका टाळा

दसऱ्याच्या आधीचे आठ दिवस माझ्या वेल्डिंगच्या दुकानासमोर ट्रॉल्यांची रांग लागते. बागायती कपाशी फुटलेली, मजूर सांगून ठेवलेले, आणि जूनमध्ये खताच्या गोण्या वाहून बांधाकडेला सोडलेली ट्रॉली आता जागची हलत नाही. "भाऊ, आजच्या आज करून दे." चार महिने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि घाई मात्र माझ्या डोक्यावर. दरवर्षी माणसं बदलतात, बिघाड तेच.

सगळ्यात जास्त ट्रॉल्या खराब होतात त्या काळ्या रानात उभ्या केल्यामुळे. ही चूक मी स्वतः करून बसलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तापीकाठची आपली जमीन मे महिन्यात दगडासारखी असते. भरलेली ट्रॉली फिरवली तरी चाकाचा ठसा उमटत नाही, आणि तिथंच माणूस फसतो. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की तीच माती फुगते, भेगा बुजतात आणि ओझ्याखाली लोण्यासारखी दबायला लागते.

दुकान टाकायच्या आधीची गोष्ट. घरची दोनचाकी ट्रॉली मी विहिरीजवळच्या रानात सोडली, हुकाखाली एक दगड सरकवून. आबा, म्हणजे माझे थोरले काका, म्हणाले घराजवळ आण. मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या ना आबा, काय व्हस तिले!" श्रावणात कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी गेलो तर दगड दिसेना. तो मातीत गेला होता, हूक जमिनीला टेकला होता, आणि पुढं झुकलेल्या हौद्यात, म्हणजे माल भरायच्या पेटीत, वीतभर पाण्यात बेडूक पोहत होते. डावं चाक हबपर्यंत, म्हणजे मधल्या बेअरिंगच्या डब्यापर्यंत, आत. ऊन पडू दे, माती वाळू दे, म्हणून पोळ्यापर्यंत थांबलो. वाळलेल्या मातीनं चाक आणखी आवळून धरलं. मग शेजारचा ट्रॅक्टर आणला, साखळी लावली आणि मारला झटका. चाक तसंच राहिलं, हुकाचा दांडा वाकला.

आबा एक शब्द बोलले नाहीत. फावडं आणि घमेलं घेऊन चाकापुढची माती उतार करून उकरत बसले. दुपारपर्यंत ट्रॉली हळूच बाहेर आली. हब खोलला तर आतलं ग्रीस दह्यासारखं पांढरं झालेलं, म्हणजे पाणी शिरलेलं. बेअरिंगच्या रोलरवर तंबाखूच्या रंगाच्या रेघा. ते बेअरिंग धुऊन चालवू म्हणणारे मला आजही भेटतात. चालतं, पण भरल्या ट्रॉलीला वाटेतच दगा देतं.

तेव्हापासून माझी ट्रॉली घरामागं मुरमाच्या उंचवट्यावर असते. प्रत्येक चाकाखाली एक फरशी, ट्रॉलीच्या पुढच्या टेकूखाली जाड आणि रुंद फळी, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. पुढची बाजू चार बोटं उंच आणि मागचा फाळका उघडा, म्हणजे पाणी साचतच नाही. ट्रॉली उभी करण्याआधी दोन्ही हब खोलून जुनं ग्रीस डिझेलनं धुतो आणि नवीन भरतो. नुसतं वरून ग्रीस दाबून मोकळं होणाऱ्यांना मी काही सांगायला जात नाही, ते दसऱ्याला येतातच.

दुसरी चूक मला बघवतसुद्धा नाही. पाणी साचू नये म्हणून काही शहाणे हायड्रॉलिक जॅकवर हौदा उचलतात, ट्रॅक्टर सोडतात आणि ट्रॉली तशीच आ वासून ठेवतात. सगळा भार तेलाच्या दाबावर. होज, म्हणजे तेलाची रबरी नळी, फुटला किंवा जॅकमधलं तेल अडवणारं सील गळलं की हौदा खाली. त्याच सावलीत कोंबड्या बसतात, पोरं लपाछपी खेळतात. मी तर दुरुस्तीलाही लोखंडी टेकू लावल्याशिवाय उचललेल्या हौद्याखाली डोकं घालत नाही.

शिवाय बाहेर राहिलेला जॅकचा चकचकीत दांडा चार महिने पाऊस खातो. त्यावर गंजाचे बारीक खड्डे पडतात. दसऱ्याला जॅक वरखाली केला की तेच खड्डे सील फाडतात आणि तेलाची धार लागते. गेल्या वर्षी एक तरुण असाच आला. म्हणाला, नवं सील टाकून दे. टाकलं, आठवड्यात परत फाटलं, आणि राग माझ्यावर! दांडा बदलायला लागेल हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. जॅक पूर्ण खाली बसवून ठेवला की दांडा आत तेलात राहतो. होजच्या तोंडाला टोपण नसेल तर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून सुतळीनं बांधा, माती आत जाऊ देऊ नका.

केळीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. केळीला पोटॅश भरपूर लागतं, आणि फाटक्या गोणीतून सांडलेलं पोटॅश हौद्याच्या कोपऱ्यात बसतं. तो क्षारच आहे. ओल लागली की पत्रा खातो. वर केळीच्या पाल्याचा चिखल बसला की ओल सुटतच नाही. शेवटच्या खेपेनंतर हौदा धुवा, कोपरे खरवडून काढा, दोन दिवस उन्हात वाळू द्या. गंजावरून सरळ रंग मारायचा असेल तर माझ्याकडे आणू नका. आधी घासायचं, मग रेड ऑक्साइडचं अस्तर, मग रंग.

चेसिसला जळकं ऑईल फासायला हरकत नाही, मीही फासतो, पण टायर आणि होजला लागू देऊ नका, रबर खराब होतं. ताडपत्री घट्ट आवळून बांधू नका, आत घाम सुटतो. गोठ्याच्या मोरीजवळ किंवा उकिरड्याला लागून ट्रॉली उभी करू नका. गोमूत्रानं खालचे लोखंडी चॅनल सडतात. टायरमध्ये हवा कमी ठेवून चार महिने सोडू नका. किती भरायची तो आकडा टायरच्या कडेवर लिहिलेला असतो. मागच्या दिव्याची वायर उंदरांसाठी सोडायची नसेल तर काढून घरात टांगा.

आणि ट्रॉली बाहेर काढायची ती पितृपक्षात, दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाही. तेव्हा दुकान रिकामं असतं आणि माझं डोकंही शांत असतं. जॅकचा होज जोडण्याआधी हौद्याखाली एकदा वाकून बघा. गांधीलमाश्यांचं पोळं नेमकं तिथंच असतं. मी न बघता हात घातला होता, तर तोंड सुजून दोन दिवस वेल्डिंगचं हेल्मेट चढेना.