आफ्रिकेचं तिकीट काढताय? आधी परतीचे नियम बघा

नाशिकला शरणपूर रोडवर माझं विमान तिकिटांचं छोटं ऑफिस आहे. करोनाचे निर्बंध उठल्यापासून लोकांनी ठरवूनच टाकलंय की पासपोर्ट-व्हिसा असला की झालं. युरोप-दुबईपुरतं ते बहुतेक खरंही आहे. पण अंबडच्या कारखान्यातून मशीन बसवायला नैरोबीला निघालेला इंजिनिअर किंवा मसाई मारा बघायला निघालेलं गंगापूर रोडचं जोडपं समोर बसलं की मी तारखांच्या आधी विचारते, "पिवळं कार्ड काढलंय का?"

पिवळं कार्ड म्हणजे पीतज्वराच्या, यलो फीवरच्या लसीचा दाखला. गंमत अशी की इथून थेट केनियाला जाताना तो सहसा कोणी मागत नाही, कारण भारतात हा रोग नाहीच. अडवतात ते परत येताना, आपल्याच विमानतळावर. पीतज्वर पसरवतो एडिस डास, तोच डेंग्यूवाला. डास आपल्याकडे ढिगाने आहे, फक्त हा विषाणू अजून आलेला नाही. तो आला तर काय होईल, हे दर पावसाळ्यात डेंग्यू बघणाऱ्या नाशिककरांना मी काय सांगू! म्हणून पीतज्वराच्या देशातून सहा दिवसांच्या आत इथे उतरलात आणि कार्ड नसलं, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. तिथे ओळखपाळख चालत नाही.

तेव्हा नियम उलटे वाचा. आधी भारत, मग मधला थांबा, मग जायचा देश. मधल्या थांब्याकडे तर कोणी बघतच नाही. स्वस्तातलं तिकीट अदिस अबाबामार्गे निघतं आणि इथिओपिया भारताच्या पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहे. दक्षिण आफ्रिकेत जाताना पीतज्वराच्या देशातल्या विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबलात तर तिथेही कार्ड मागतात. केनिया करून टांझानियात शिरणाऱ्यांनाही ते लागतं. युगांडा आणि घाना तर कुठूनही आलेल्या माणसाकडे मागतात.

लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. माझे बहुतेक लोक मुंबई गाठतात. नंबर लावल्याशिवाय मात्र निघू नका. भल्या पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेस पकडाल, आणि त्या दिवशी तिथे लसच नसेल. लसीची कुपी एकदा फोडली की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं माणसं गोळा करून ठरावीक वारीच लस देतात. वर दाखला लागू होतो लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी. कंपनीचा एचआर "पुढच्या सोमवारी निघा" म्हणाला तर त्याला हे हिशेब करून दाखवा. एकदा घेतली की आयुष्यभराची चिंता मिटते. दर दहा वर्षांनी पुन्हा टोचायची अट ११ जुलै २०१६ पासून गेली आणि जुनी कार्डंही तेव्हापासून कायमची झाली. ही जिवंत विषाणूची लस आहे, त्यामुळे साठीच्या पुढचे, गरोदर बायका, अंड्याची जोरदार ॲलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी तिकिटाआधी डॉक्टरांशी बोलावं.

लस वेगळी आणि कागद वेगळा, हे करोनाने चांगलंच शिकवलं. २०२१च्या सप्टेंबरात ब्रिटनने कोविशिल्ड मान्य केली, पण आपलं प्रमाणपत्र काही दिवस मान्य केलं नाही. दोन डोस घेतलेली माणसंही विलगीकरणाच्या नियमात अडकली. म्हणून टोचून झाल्यावर दंड चोळत बाहेर पडू नका. तिथेच टेबलाशी कार्ड उघडा. आपल्याकडे आधारवर पुष्कळदा "पवार सुनीता रमेश" असतं आणि पासपोर्टवर "सुनीता रमेश" एका रकान्यात, "पवार" दुसऱ्या. कार्डावर पासपोर्टप्रमाणेच नाव हवं. पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, लसीचा बॅच नंबर, केंद्राचा शिक्का, डॉक्टरांची सही बघा. तारखेतला महिना अक्षरात लिहिलेला बरा. तुमची सहीही लागते, ती हमखास राहते. खाडाखोड दिसली तर नवं कार्ड मागा, कारण त्यावरून दाखला बाद धरता येतो.

उमराहला निघालेल्यांसाठी सुई वेगळी: चार प्रकारांच्या मेंदुज्वरावरची एकत्र लस, सौदीत पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी.

निघायच्या दोन-तीन दिवस आधी सगळं पुन्हा तपासा. परदेशातून भारतात येताना भरायचा करोनातला एअर सुविधा फॉर्म २२ नोव्हेंबर २०२२ला बंद झाला, १ जानेवारी २०२३ला चीन-जपान-थायलंडसह सहा ठिकाणांसाठी परत आला आणि फेब्रुवारीत पुन्हा गेला. दिवाळीत ऐकलेली माहिती संक्रांतीला चालेलच असं नाही. विमान कंपनी, त्या देशाचा दूतावास आणि आपलं आरोग्य मंत्रालय, तिन्हीकडे बघा. व्हॉट्सॲपवरच्या मावसभावाचं ऐकू नका. कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, पण मूळ कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्येच असू द्या. मोठ्या बॅगेत टाकलंत तर बॅग पट्ट्यावर येण्याआधीच आरोग्य तपासणीचं टेबल लागतं.