पायथनमधून बाहेरची कमांड चालवताना
प्रकल्पभर एकच छोटं फंक्शन ठेवा, त्याच्या आत सबप्रोसेस मॉड्यूलचं (बाहेरचे प्रोग्राम चालवणारा पायथनचा भाग) 'रन'. कमांड यादी म्हणूनच घ्या. सलग स्ट्रिंग दिली आणि 'शेल' (कमांडची ओळ वाचून चालवणारा प्रोग्राम) हा पर्याय ट्रू असेल, तर फाइलच्या नावातला एक अर्धविरामही घात करतो. 'रन'चा 'चेक' हा पर्याय कायम ट्रू ठेवा, म्हणजे कमांड फसली की एरर येतो; नाहीतर कमांड फसली तरी प्रोग्राम निमूट पुढे जातो. मात्र त्या एररच्या संदेशात कमांड आणि एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा) एवढंच दिसतं, खरं कारण स्टँडर्ड एररमध्ये, म्हणजे कमांडच्या चुकांच्या वेगळ्या आउटपुटमध्ये राहतं. ते पकडून संदेशाला स्वतः जोडा; पुढचे तासन्‌तास वाचतात. टाइमआउट, म्हणजे कमांडला दिलेली वेळेची मर्यादा, सक्तीचा हवा.

'रन'ऐवजी त्याच मॉड्यूलमधलं 'पीओपन' (Popen) घेतलंत, तर पाइप (कमांडचं आउटपुट प्रोग्रामकडे आणणारी वाट) न वाचता 'वेट' करू नका. लिनक्सवर पाइपमध्ये सहसा ६४ केबी मावतात; तो भरला की दोन्ही प्रोसेस एकमेकींची वाट बघत अडकतात. तिथे 'कम्युनिकेट' वापरा, ते पाइप वाचत वाचतच थांबतं.