व्ही-टू-एक्स सिक्युरिटी: अमेरिकेचा स्टॅक युरोपात नेताना या चुका टाळा

व्ही-टू-एक्स म्हणजे गाड्यांनी एकमेकींशी आणि रस्त्यावरच्या यंत्रणांशी वायरलेस मेसेजने बोलणं, स्टॅक म्हणजे ते सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणि त्या मेसेजवर डिजिटल सही आणि सर्टिफिकेट कसं लावायचं ते आयईईई 1609.2 हे स्टँडर्ड सांगतं. "दोन्हीकडे आयईईई 1609.2च आहे ना, मग फक्त सर्टिफिकेट बदलू" असं मीटिंगमध्ये कोणी म्हणालं की पुढचे दोन शनिवार गेलेच समजा.

बेस एकच आहे हे खरंय, युरोपचं स्टँडर्ड एत्सी टीएस 103 097 हे 2017 पासून 1609.2 चीच प्रोफाइल, म्हणजे त्यातलं काय कसं वापरायचं याचे नियम, आहे (त्याआधीचा फॉरमॅट वेगळाच होता, जुना लॉग डिकोड होत नसेल तर आधी व्हर्जन बघा). पण सगळी गोची त्या प्रोफाइलमध्येच आहे. कॅम मेसेजच्या (गाडी सतत पाठवते तो 'मी इथे आहे' मेसेज) सिक्युरिटी हेडरमध्ये लोकेशन टाकायचं नाही, डेनममध्ये (धोक्याचा इशारा देणारा मेसेज) टाकायलाच लागतं, शिवाय डेनमसोबत दरवेळी पूर्ण सर्टिफिकेट, आणि कॅमला सेकंदातून एकदा पूर्ण, बाकी वेळ नुसता 8 बाइटचा डायजेस्ट (सर्टिफिकेटचा छोटा हॅश). पीएसआयडी म्हणजे मेसेज कोणत्या प्रकारचा ते सांगणारा नंबर: बीएसएमचा (कॅमचा अमेरिकन भाऊ) 32, कॅमचा 36, डेनमचा 37, कॉपी-पेस्टमध्ये हे हमखास राहतं.

आमच्या बेंचवर एकदा सिग्नेचर बरोबर, रूटपर्यंतची सर्टिफिकेटची चेन बरोबर, तरी समोरचं युनिट सगळे मेसेज फेकून देत होतं आणि आम्ही दोन दिवस रूट सर्टिफिकेटवरच डाउट घेत बसलो. निघालं काय, तर 5 सेकंद! टाइमस्टॅम्प 1 जानेवारी 2004 पासूनच्या मायक्रोसेकंदांत असतो पण टीएआय वेळेत (लीप सेकंद नसलेली अणुघड्याळांची वेळ), तेव्हापासून यूटीसीत 5 लीप सेकंद घातले गेलेत आणि कोणीतरी सरळ लिनक्सचा यूटीसी उचललेला, म्हणून आमचा ताजा मेसेज समोरच्याला 5 सेकंद शिळा वाटत होता.

दुसरा घोळ रिव्होकेशनचा, म्हणजे सर्टिफिकेट रद्द करण्याचा. अमेरिकेच्या एससीएमएसमध्ये (सर्टिफिकेट देणारी यंत्रणा) गडबड करणारी गाडी सीआरएलमध्ये (रद्द सर्टिफिकेटांची यादी) टाकतात आणि लिंकेज व्हॅल्यूवरून (सर्टिफिकेटांना जोडणारा आकडा) तिची सगळी टोपण सर्टिफिकेटं (खरी ओळख लपवणारी, बदलत राहणारी) एकदम ओळखता येतात. युरोपात गाड्यांच्या टोपण सर्टिफिकेटांसाठी सीआरएलच नाही, नवीन देणं बंद करायचं आणि जुनी संपायची वाट बघायची. त्यामुळे तिथे "रिव्होक केलेली गाडी लगेच ब्लॉक झाली पाहिजे" ही टेस्ट केस फेल गेली तर बग टाकू नका, टेस्ट केसच चुकीची आहे. आणि यूएन आर155 चं अप्रूव्हल आहे म्हणून हे सगळं झालं असंही धरू नका, तो कंपनीच्या सायबर सिक्युरिटी मॅनेजमेंटचा आणि गाडीच्या अप्रूव्हलचा नियम आहे, मेसेज फॉरमॅटचा त्याच्याशी संबंध नाही.

चीनला जायचं असेल तर तिथे त्यांचे स्वतःचे क्रिप्टो अल्गोरिदम: एसएम2 (सिग्नेचर), एसएम3 (हॅश), एसएम4 (एन्क्रिप्शन). एसएम2 ची की पण 256 बिटचीच, म्हणून साइज बघून फसायला होतं, पण त्यात मेसेजच्या आधी आयडी, कर्व्हचे पॅरामीटर आणि पब्लिक की मिळून काढलेला झेड हॅश जोडावा लागतो, तो विसरलात तर एकही सिग्नेचर जुळणार नाही. एचएसएम (की सांभाळणारी सिक्युरिटी चिप) ऑर्डर करायच्या आधीच व्हेंडरला विचारा की एसएम2 हार्डवेअरमध्ये आहे की नुसतं सॉफ्टवेअरमध्ये.