मेमरिस्टरवर प्रोजेक्ट घेताय? मग माझे घोळ आधी वाचा

एमटेकला मी मेमरिस्टर (किती चार्ज वाहून गेला ते लक्षात ठेवणारा रेझिस्टर) घेतला तो, खरं सांगते, नाव भारी वाटलं म्हणून. इंजिनिअर लिऑन चुआंनी १९७१ मध्ये नुसत्या गणितावरून सांगितलेलं की रेझिस्टर, कपॅसिटर, इंडक्टर यांच्या जोडीला चार्ज आणि फ्लक्सला जोडणारा चौथा घटक असायला हवा, आणि २००८ मध्ये एचपीच्या लॅबने टायटॅनियम डायऑक्साइडची पातळ फिल्म दाखवून म्हटलं, हा घ्या. (तो खरंच चुआंचाच का, यावर वाद आहेत, तुम्ही त्यात पडू नका, सेमिस्टर जाईल.)

नवीन पोरं थेट क्रॉसबार (मेमरिस्टरची जाळी) आणि न्यूरोमॉर्फिक (मेंदूसारखी चालणारी सर्किट्स) यांवर उडी मारतात, मीही मारली होती, तोंडावर आपटले. आधी एलटीस्पाइसमध्ये (सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) एकच मेमरिस्टर नीट चालवा. एचपीचं साधं मॉडेल घ्या, ऑन असताना रेझिस्टन्स १०० ओहम, ऑफ असताना १६ किलोओहम, सुरुवात ११ किलोओहमपासून, फिल्मची जाडी १० नॅनोमीटर, आणि १ हर्ट्झची साइन द्या. एका कपॅसिटरमध्ये करंट साठवत जायचा, त्याचं व्होल्टेज म्हणजे आपला स्टेट, एक्स (० म्हणजे पूर्ण ऑफ, १ म्हणजे पूर्ण ऑन), बास. १ व्होल्टला करंट-व्होल्टेजच्या ग्राफवर झिरोपाशी चिमटलेला तिरका आठ, म्हणजे मेमरिस्टरचा लूप, दिसला तेव्हा मी रूममेटला झोपेतून उठवलं.

मग हौसेने २ व्होल्ट केले आणि सिम्युलेशन 'टाइम स्टेप टू स्मॉल' म्हणून मेलं. दोन दिवस सेटिंग्जच बदलत बसले! चूक एवढीच की एक्स १ च्या पलीकडे गेला आणि रेझिस्टन्स मायनस झाला, मॉडेलला कोण अडवणार. यासाठीच विंडो फंक्शन असतं, एक्सच्या बदलाला गुणायचं, काठाशी त्याला अडवणारं सूत्र. जोगळेकरांची विंडो मी आधी घेतली (आडनाव बघून बरं वाटलं, नाकारत नाही), पण एक्स काठाला गेला की विंडो शून्य होते, मग करंट उलटा करा नाहीतर काहीही करा, तो तिथेच चिकटून बसतो. बिओलेकची विंडो करंटची दिशा बघते म्हणून तिच्यात एक्स सुटतो. व्हायवाला हाच प्रश्न आला.

ब्रेडबोर्डवर करायचं असेल तर इम्युलेटर (मेमरिस्टरसारखं वागणारं साध्या पार्टचं सर्किट) बनवा, ऑपअँपचा इंटिग्रेटर आणि एडी६३३ मल्टिप्लायर, म्हणजे दोन व्होल्टेजचा गुणाकार करणारी चिप. त्याच्या आउटपुटला दहाने भाग असतो हे मी विसरले आणि आठवडाभर लूप दिसेचना. इंटिग्रेटरच्या कपॅसिटरला पॅरलल मोठा रेझिस्टर लावा, नाहीतर ऑफसेट साठत जातो आणि ऑपअँप सप्लायला जाऊन टेकतो. लूप दिसला की फ्रिक्वेन्सी वाढवत न्या, तो बारीक होत होत सरळ रेघ व्हायला हवा, नाही झाला तर तुम्ही दुसरंच काहीतरी बनवलंय.

मेमकॅपॅसिटर, मेमइंडक्टर (असेच मेमरी असलेले कपॅसिटर, इंडक्टर) नंतर. आणि खरा डिव्हाइस हातात आलाच तर सिरीज रेझिस्टर लावल्याशिवाय व्होल्टेज देऊ नका, माझा पहिला तसाच गेला, सरांना अजून सांगितलेलं नाहीये.