शून्य तिकिटांची रोजकीर्द कशी ठेवायची

११ जून २०२३ ला कर्नाटकात बायकांसाठी सरकारी बसमधून फुकट प्रवासाची शक्ती योजना सुरू झाली. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, खानापूर स्टँडवर कंडक्टरनं माझं आधार कार्ड बघितलं आणि शून्य रुपयांचं तिकीट हातावर ठेवलं. मी बेळगावच्या शहापुरातल्या एका साड्यांच्या दुकानात हिशेब लिहिते, वीसेक वर्षं झाली. त्यामुळे मला जो प्रश्न पडला तो दुसऱ्या कुणाला पडला नसता: पैसे गेलेच नाहीत, मग हे लिहायचं कुठं? संध्याकाळी दुकानातूनच एक लाल कापडी बांधणीची कोरी वही विकत घेतली. आता तिसरी चालू आहे. अशी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, तुम्हाला ठेवायची असेल तर मी कशी ठेवते ते सांगते. तिकीटच पाहिजे असं नाही. विहिरीचं पाणी, दूधवाल्याची वेळ, लाईट जाण्या-येण्याची वेळ, काहीही चालेल. रोज घडणारं असलं म्हणजे झालं.

सुरुवात नियमापासून. तो एवढा लहान पाहिजे की अंगात ताप असतानाही पाळता आला पाहिजे. माझा नियम असा: दिवसाला एक ओळ, आणि ती परतीच्या बसमध्ये, पिरनवाडी ते मच्छे एवढ्याच टप्प्यात. घरी जाऊन लिहायची नाही. घरी पोचलं की भात, सासूबाईंची गोळी आणि पोराचं गणित. गतिरोधकावर बस आपटली की अक्षर उडतं, ते उडालेलं अक्षर तसंच ठेवते. माझं दुकानातलं अक्षर बघितलेल्यांना ही वही माझी वाटतच नाही.

पान उभं दुमडून दोन भाग करायचे. डावीकडं जमा, उजवीकडं नावे, आपल्या जुन्या कीर्दीत असतात तसे. जमेत त्या प्रवासात हाताला, डोळ्याला, नाकाला जे मिळालं ते. नावे बाजूला जे गेलं ते. एक नोंद अशी आहे: जमा, 'खिडकी. मोगऱ्याचा वास, गजरा कुणाचा ते दिसलं नाही.' नावे, 'स्टँडवर २५ मिनिटं, छत्रीची एक काडी.' सुरुवातीला मी 'आज फार गर्दी, जीव नकोसा झाला' असलं लिहीत होते. तीन महिन्यांनी वाचलं तर त्यातून एकही दिवस आठवेना. 'दाराच्या दांड्याला सात हात' असं लिहिलेला दिवस मात्र सगळाच्या सगळा आठवला, सातातल्या एका हातातल्या हिरव्या बांगड्यांसकट. मोजता येईल ते लिहा. मत लिहू नका. १ नोव्हेंबरबद्दल, म्हणजे सरकारच्या कर्नाटक राज्योत्सवाबद्दल आणि आमच्याकडच्या मराठी लोकांच्या काळ्या दिवसाबद्दल, मला मत आहे, आमच्या भागात ते नसलेलं माणूस शोधून सापडायचं नाही. पण वहीत त्या तारखेला बस किती उशिरा आली एवढंच आहे. आणि शेजारी बसलेल्यांची नावं लिहायची नाहीत. 'डबेवाली', 'झोपणारे आजोबा' पुरे.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. हिशेबात पान संपलं की शिल्लक पुढं ओढतात आणि नव्या पानावर 'मागील पानावरून' लिहितात. मी शब्द ओढते. आजच्या ओळीचा शेवटचा शब्द तो उद्याच्या ओळीचा पहिला. कालची ओळ 'पाऊस' वर संपली असेल तर आज लख्ख ऊन असलं तरी 'पाऊस नाही' असं म्हणून तरी सुरुवात करावीच लागते. या एका अटीनं नुसत्या नोंदींची कविता होते असं मी म्हणणार नाही, पण दिवस एकमेकांना चिकटून राहतात हे खरं.

चुकलं तर खोडरबर नाही. एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही. आणि राहून गेलेला दिवस नंतर भरायचा नाही. इथंच बहुतेक जण वही सोडतात: चार दिवस राहिले, आता कसलं लिहायचं! तेचिंग शे नावाच्या कलाकारानं ११ एप्रिल १९८० पासून वर्षभर, दिवसरात्र, दर तासाला कामगारांच्या घड्याळात कार्ड पंच केलं. ८७६० वेळा करायचं होतं, त्यातले १३३ हुकले. ते त्यानं लपवले नाहीत, वर्गवारी करून ठेवली: ९४ वेळा झोप लागली, २९ वेळा उशीर झाला, १० वेळा वेळेआधीच झालं. आमचे शेठ असल्या हिशेबावर खूश झाले असते. मीसुद्धा वर्षाअखेर कोऱ्या ओळी मोजते आणि कारणं लिहिते: ताप, यात्रा, संप, कंटाळा. कंटाळ्याचा आकडा सांगणार नाही.

तारीख कुठल्या लिपीत, हा प्रश्न आपल्याकडं येणारच. तिकिटावर कन्नड, माझ्या हातात मराठी. ओन कावारा नावाच्या जपानी चित्रकारानं ४ जानेवारी १९६६ पासून नुसत्या तारखा रंगवल्या. ज्या दिवसाची तारीख ती त्याच दिवशी पुरी झाली पाहिजे, मध्यरात्र उलटली तर चित्र नष्ट. ज्या देशात असेल तिथल्या भाषेत तो तारीख लिही, पण तिथली लिपी रोमन नसेल तर एस्पेरांतोत. म्हणजे तो बेळगावात येऊन बसला असता तर कन्नडही नाही आणि मराठीही नाही. मिटला की हो सीमावाद!

मी मराठी आकडेच लिहिते. पण एक अपवाद आहे. माझ्या शेजारी नेहमी बसणारी एक जण पहिल्यांदा विचारायची, 'काय लिहूलालीस गं रोज? हिशेब?' मी म्हणायची, होय, हिशेबच. एकदा मी एक दिवस बसला नव्हते. दुसऱ्या दिवशी भेटल्यावर ती म्हणाली, 'काल तू नव्हतीस, काल बस पंक्चर झालती, लिही की.' मी नव्हते, म्हणून मला लिहिता येईना. शेवटी पेन्सिल तिच्याच हातात दिली. तिची शाळा कन्नड. तिनं कन्नडमध्ये लिहिलं, 'बस पंक्चर आयतु', म्हणजे बस पंक्चर झाली. झालं, त्या दिवशी माझी ओळ 'आयतु'नं सुरू करावी लागली.

सामानाचं थोडक्यात. पेन्सिल वापरा. जेलपेन आमच्या पावसात टिकत नाही. पहिल्या वर्षी खिडकीतून आलेल्या पाण्यानं जुलैची दोन पानं निळी झाली. तिकिटं डिंकानं चिकटवू नका, वर सेलोटेप लावू नका, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालू नका. मशीनचं तिकीट उष्णतेनं उमटतं. त्यावरची अक्षरं ऊन, ऊब, डिंक, प्लॅस्टिक यातल्या कशानंही पुसट होतात. कागदी पाकिटात, कपाटात, अंधारात ठेवा. आणि ती तरीही जाणारच, म्हणून तिकिटाचा नंबर आणि वेळ त्याच दिवशी ओळीखाली उतरवून घ्या.

मी पहिल्या वर्षाची तिकिटं मागच्या मे महिन्यात जमिनीवर ओळीनं मांडली. ज्येष्ठापासूनची बरीचशी पांढरी पडलेली, पुढं पुढं करडी, शेवटची वाचता येणारी. रोमान ओपाल्का नावाचा पोलिश चित्रकार १९६५ पासून एकापासून पुढचे आकडे रंगवत बसला आणि १९७२ पासून प्रत्येक नव्या चित्राच्या पार्श्वभूमीत एक टक्का पांढरा वाढवत गेला, म्हणजे शेवटी पांढऱ्यावर पांढरं. २०११ मध्ये तो वारला तेव्हा आकडा ५६०७२४९ वर होता. त्याला जे मुद्दाम करावं लागलं ते माझ्या कपाटात फुकट चाललंय, आणि तेही उलट्या बाजूनं: जुनं आधी पांढरं.

वही दिवाळीला बदलायची, लक्ष्मीपूजनाला. दुकानाच्या चोपड्यांबरोबर मी माझीही पुढं सरकवते, कुणी काही म्हणत नाही. कुंकवानं श्री काढायची, खाली 'मागील वहीवरून' लिहायचं आणि जुन्या वहीतला शेवटचा शब्द उतरवायचा. गेल्या दिवाळीला तो 'जागा' होता. नवी वही सुरू झाली: 'जागा मिळाली, पण चाकावरची.'