चूक कबूल कशी करावी, माफी कशी मागावी

‘फवारा उडाला’, ‘जनावरं शिरली’, ‘तोंडातून शब्द गेला.’ या वाक्यांत करणारा कुठंच सापडत नाही. म्हणून माफी मागायला निघण्याआधी एक वाक्य मनाशी जुळवा आणि त्यात ‘मी’ येऊ द्या. मी फवारलं. मी बोललो.

मराठवाड्यात दर पावसाळ्यात घडणारी गोष्ट घ्या. उसात टू-फोर-डी तणनाशक मारलं, वारं होतं, ते धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या कपाशीवर गेलं. काही दिवसांत शेंड्याची पानं निमुळती होऊन भेंडीच्या पानांसारखी दिसू लागतात. शेजारी रोग समजतो, दुकानातून औषधं आणून मारतो, गुण काहीच येत नाही. लक्षात आलं त्याच दिवशी सांगितलं, तर त्याचा हा खर्च वाचतो. उशिरा कळलं की नुकसानीचा राग एक आणि लपवल्याचा दुसरा.

स्वतः जा. भावकीतल्या कुणाच्या हाती निरोप नको, व्हॉट्सॲप तर नकोच. पारावर चारचौघांत गाठू नका, त्याच्या वावरात किंवा ओसरीवर भेटा. मात्र अपमान चारचौघांत केला असेल, तर माफीही तिथंच मागा.

बोलणं एवढंच :

‘तात्या, काल मी उसात तणनाशक मारलं. वारं तुमच्याकडं होतं, दिसत असून मी थांबलो नाही. तुमच्या कपाशीवर गेलं ते माझ्यामुळं. माझं चुकलं, माफ करा. पानं आकसली तर रोग समजून औषध आणू नका.’

मग गप्प बसा. तात्या रागावतील, मागचं उकरून काढतील. तेव्हा उत्तर देऊ नका.

इथं माफी बिघडते ती दोन शब्दांनी, ‘तर’ आणि ‘पण’. ‘वाईट वाटलं असेल तर’ म्हटलं की नुकसान झालं की नाही यावरच शंका येते. ‘पण मजुरानं ऐकलं नाही’ म्हटलं की आधीचं सगळं पुसलं जातं. तिसरी चूक म्हणजे लगेच पाया पडणं. पाया पडलेल्याला समोरच्यानं नाही कसं म्हणावं? त्याला वेळ हवा असेल तर तो द्या.

भरपाईचा आकडा त्याच दिवशी ठरवू नका, कपाशी कधी कधी सावरते. दोघांनी मिळून बाधित तास, म्हणजे कपाशीच्या ओळी मोजा, समजा सहा निघाले. शेजारचे तेवढ्याच लांबीचे सहा चांगले तास खुणेनं राखा. प्रत्येक वेचणीला दोन्हीकडचा कापूस वेगळा तोला. फरकाला त्या दिवसाचा भाव लावला की रक्कम निघते. एकदम देणं जमत नसेल तर हप्ते आणि तारखा कागदावर लिहा. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा करा, हेही माफीतच येतं.

सालगड्याची, बायकोची, लेकराची माफी याच शब्दांत मागायची. घरच्यांना ‘जाऊ दे आता’ म्हणून भागवलं जातं. ती माफी नव्हे.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, वावरात आंबील-भज्जी खायला बोलवायचं असेल, तर हिशेब मिटल्यावर बोलवा. तुमच्या वावरात जेवायला बसलेला माणूस पैशाचं विचारू शकत नाही.