वीस लिटर रसाची काकवी

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरच्या बाजार समितीत नव्या गुळाचे सौदे निघतात आणि करवीर, पन्हाळा, राधानगरी, कागल या तालुक्यांतली गुऱ्हाळघरे त्या सुमारास जी पेटतात ती उन्हाळा लागेपर्यंत धुमसत राहतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. काकवी, म्हणजे उसाचा रस आटवून केलेला मधासारखा पातळ पाक, मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी गुऱ्हाळावर आलेल्या पाहुण्याच्या किटलीत भरून द्यायची वस्तू राहिली आहे. ज्यांचे स्वतःचे गुऱ्हाळ नाही, पण घरच्या किंवा भावकीच्या शेतात दोन-चार मोळ्या ऊस आहे, त्यांना वीस लिटर रसाची काकवी अंगणात करता यावी, यासाठी ही कृती दिली आहे.

काकवी म्हणजे अर्ध्यावर उतरवलेला गूळ, असे सर्रास समजले जाते. काहिलीतून, म्हणजे रस आटवण्याच्या मोठ्या कढईतून, ती गुळाच्या आधी उतरते, हे खरे. परंतु गूळ करताना सारी खटपट साखरेचा रवा, म्हणजे दाणा, धरावा यासाठी असते, तर काकवी करताना तो धरू नये यासाठी. त्यामुळे चुना किती घालावा, आम्लता किती असावी आणि आच कधी ओढावी, या तिन्ही बाबतींत गुळव्याचा, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराचा, नेम जसाच्या तसा काकवीला लावता येत नाही.

ऊस बारा ते चौदा महिन्यांचा, पक्व आणि उभा असलेला घ्यावा. गुळासाठी आपल्याकडे को ९२००५ या जातीला मान आहे आणि काकवीसाठीही ती उत्तम. को ८६०३२ चालतो. पडलेला, तुरा येऊन पोकळ झालेला किंवा तोडणीच्या आधी युरियाचा मारा झालेला ऊस टाळावा, आणि खारवट जमिनीतला तर घेऊच नये, कारण त्यातला खारटपणा आटवल्यावर आणखी दाट होऊन जिभेला लागतो. शेजारच्या कोणाकडे हातातला रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजण्याचे उपकरण) असेल, तर बुडख्याच्या आणि शेंड्याच्या कांडीचा रस वेगवेगळा तपासावा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले, म्हणजे ऊस पिकला. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, पदार्थांची टक्केवारी, साधारण १८ ते २२ असतो. ऊस तोडला की वाढे आणि शेंड्याकडील दोन-तीन कोवळी कांडी काढून टाकावीत, पाचट सोलावे, कांड्यांवरची माती व मुळ्या विळ्याने खरवडून ऊस धुवावा आणि त्याच दिवशी गाळावा. तोडून दोन दिवस ठेवलेला ऊस थोडा उलटला, म्हणजे त्यातली काही साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झाली, तरी काकवीला चालतो, असे काही जण सांगतात. त्याने रवा कमी धरतो हे बरोबर आहे, पण चवीत जो आंबूसपणा उतरतो तो कशानेही जात नाही. म्हणून हा सल्ला मानू नये.

वीस लिटर रसासाठी रसवंतीच्या यंत्रावर साधारण ३५ ते ४० किलो ऊस लागतो. रसवंतीवाल्याकडे सकाळी गिऱ्हाईक सुरू होण्याआधी जावे, चरकाचे रूळ आपल्यासमोर गरम पाण्याने धुऊन घ्यावेत आणि आले-लिंबू किंवा बर्फ यांतले काहीही रसात पडणार नाही, याची खात्री करून घ्यावी. रुळांच्या टोकांकडे, बेअरिंगपाशी, काळे ग्रीस साचलेले असते. ऊस त्या कडेला न सारता मधोमध घालायला सांगावे, कारण ग्रीसचा एक ओघळ सगळा रस वाया घालवतो. रस दुहेरी मलमलीतून गाळावा आणि तासाभराच्या आत चुलीवर चढवावा. उसाचा रस नासायला वेळ लागत नाही, त्यातून दुपार झाली असेल तर मुळीच नाही.

भांडे स्टेनलेस स्टीलचे, रुंद तोंडाचे आणि रसाच्या दुप्पट-अडीचपट मापाचे असावे, कारण रस उकळताना फेस बघता बघता काठापर्यंत येतो. स्वयंपाकघरातल्या गॅसवर हे काम करू नये. वीस लिटर रसातून पंधरा-सोळा लिटर पाण्याची वाफ करायची असते. ती वाफ भिंतींना आणि फडताळांना चिकट करून सोडते, शिवाय लहान शेगडीवर अख्खा दिवस मोडतो. अंगणात तीन दगडांची चूल मांडून लाकडे आणि वाळलेले चिपाड जाळावे, किंवा लग्नकार्यात वापरतात तशी मोठी गॅसभट्टी आणावी. गॅसवर केल्यास साधारण दीड ते दोन किलो गॅस खर्ची पडतो, हा हिशेब आधीच धरलेला बरा. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये मेपल झाडांचा रस आटवून सिरप करतात, त्यांना एका लिटरसाठी सुमारे चाळीस लिटर रस आटवावा लागतो, कारण त्या रसात साखर जेमतेम दोन टक्के असते. आपल्याकडे पाच लिटर रसात लिटरभर काकवी पडते. तेव्हा जळणाबद्दल फार कुरकुर करण्याचे कारण नाही.

आता मळीचे, म्हणजे रस तापताना वर येणारी घाण काढण्याचे काम, ज्यावर काकवीचा रंग आणि स्वच्छ चव अवलंबून असते. आदल्या रात्री भेंडीची तीन-चार ओली, हिरवी खोडे मुळासकट आणून स्वच्छ धुवावीत, दगडाने ठेचावीत आणि लिटरभर पाण्यात भिजत घालावीत. सकाळी ती पाण्यातच हातांनी चोळली, की पाणी बुळबुळीत होऊन बोटांमधून सलग धार लोंबू लागते. एवढे झाले म्हणजे ते गाळून घ्यावे. रस मंद आचेवर ठेवावा आणि हाताला चांगला चटका बसेल इतका तापला, की या पाण्यातले निम्मे त्यात सोडून एकदाच हलवावे. त्यानंतर डाव घालू नये. उष्णतेने रसातली प्रथिने गोठतात, भेंडीचा चिकट द्राव त्यांना आणि मातीच्या बारीक कणांना धरून वर आणतो, आणि पृष्ठभागावर करड्या-हिरव्या रंगाची जाड साय जमते. रसाला खळखळून उकळी फुटण्याच्या आधी, साय कडांपासून सुटून तिला भेगा पडू लागतील तेव्हा, ती झाऱ्याने एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे ओढत अलगद उचलावी. उकळी फुटली तर ही मळी मोडून रसात मिसळते आणि मग ती कितीही गाळली तरी निघत नाही. पहिली मळी काढल्यावर उरलेले भेंडीचे पाणी घालावे. दुसरी मळी पांढरट आणि पातळ येते, तीही काढावी. रस आता गढूळ हिरवा न राहता पिवळसर आणि बराच नितळ दिसू लागतो. काढलेली मळी गोठ्यातल्या जनावरांच्या चाऱ्यात कालवता येते.

गुळासाठी रसात चुन्याची निवळी घालतात, त्याने रसाची आम्लता कमी होते आणि साखर फुटत नाही. काकवीत साखर थोडी फुटलेलीच हवी असल्याने घरगुती प्रमाणावर चुना वगळावा, असे माझे मत आहे. जास्त झालेला चुना काकवी काळी करतो, हे तर वेगळेच. हायड्रॉस पावडरचा, म्हणजे रंग उजळ करणाऱ्या गंधकयुक्त रसायनाचा, प्रश्नच नाही. बाजाराला फिका पिवळा गूळ हवा असतो म्हणून ती वापरली जाते आणि गुळातल्या गंधकाच्या अंशावर ७० पीपीएम (दर दहा लाख भागांत ७० भाग) ही मर्यादा कायद्याने घातलेली आहे. घरच्या काकवीचा रंग तांबूस-तपकिरी आला तर त्यात कमीपणा काही नाही.

मळी निघाली की आच मोठी करावी. जितक्या लवकर पाणी उडेल तितका रंग उजळ राहतो. फेस काठाशी आला तर शेंगदाण्याच्या तेलाचे चार थेंब टाकले की तो बसतो. सुरुवातीला फेस पांढरा, मोठा आणि पोकळ असतो. रस तिसऱ्या हिश्शाला आला, की बुडबुडे लहान, दाट आणि सोनेरी होतात आणि उकळण्याचा आवाज जड होतो. इथून आच निम्म्यावर आणावी, लांब दांड्याच्या लाकडी उलथण्याने तळ सतत खरवडत राहावे आणि चुलीपासून हलू नये, कारण शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत काकवी करपायला एखादा फोन पुरतो.

उतरवण्याची वेळ थर्मामीटरवर ठरवायची असेल, तर आधी त्याच थर्मामीटरने साध्या पाण्याची उकळी मोजून ठेवावी. काकवी १०३ ते १०६ अंश सेल्सिअसला उतरवावी, असे शिफारशीत लिहिलेले असते. पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असल्याने येथे पाणी सुमारे ९८ अंशालाच उकळते. त्यामुळे पाण्याच्या उकळीपेक्षा पाच ते सहा अंश वर, हा नियम धरणे अधिक खात्रीचे, म्हणजेच आपल्याकडे १०३ ते १०४ अंश. त्या वेळी काकवीत साधारण तीस टक्के पाणी उरलेले असते. थर्मामीटर नसेल तर थंड बशीत थेंब टाकावा, तो निवला की अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून बोटे हळूच फाकवावीत. तार निघाली पाहिजे, पण बोटभर लांब होण्याआधी तुटली पाहिजे. गार पाण्याच्या वाटीत सोडलेला थेंब तळाला जाऊन पसरावा. त्याची मऊ गोळी वळता आली, तर काकवीची वेळ टळून गूळ जवळ आला, असे समजावे. अशा वेळी कपभर उकळते पाणी घालून पुन्हा एक कढ आणल्यास ती परत पातळ करता येते.

तार जुळताच चुलीतले जळण ओढून भांडे खाली उतरवावे. वीस लिटर रसाची साडेपाच ते सहा किलो काकवी होते. तिच्यात किलोला ४०० मिलिग्रॅम या हिशेबाने सव्वादोन ते अडीच ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे सुमारे अर्धा लहान चमचा, थोड्या पाण्यात विरघळवून घालावे. ते नसल्यास दोन रसदार लिंबांचा गाळलेला रस चालतो. या आम्लाने साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो, आणि बाटलीच्या तळाशी खडे धरण्याची खोड बरीचशी आटोक्यात येते. काकवी गरम असतानाच चौपदरी सुती कापडातून गाळावी. निवल्यावर ती कापडातून उतरत नाही.

यानंतरचे काम घाईच्या घरात बहुधा टाळले जाते. गाळलेली काकवी उंच, अरुंद स्टीलच्या डब्यात झाकून आठ-दहा दिवस न हलवता ठेवली, की उरलेला बारीक गाळ तळाशी बसतो आणि वरची काकवी मधासारखी नितळ होते. डबा झाकताना काकवी पूर्ण निवलेली असावी, नाहीतर झाकणाच्या आतून वाफेचे थेंब पडून वरचा थर पातळ होतो आणि बुरशी नेमकी तेथे धरते. वरची नितळ काकवी काढून ८५ ते ९० अंशांपर्यंत पुन्हा तापवावी आणि उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या गरम बाटल्यांत काठोकाठ भरून लगेच झाकण लावावे. तळाची गढूळ काकवी फेकू नये. ती दशम्या आणि गुळपोळीच्या सारणाला चांगली लागते.

बाटली फोडल्यावर ती फ्रीजमध्ये ठेवावी आणि ओला चमचा घालू नये. काही आठवड्यांनी बुडबुडे येऊन आंबूस वास आला, तर काकवी पातळ उतरली होती, हे नक्की. ती खाण्यात ठेवू नये. तळाशी खडे दिसले, तर ती जास्त आटली होती. अशी बाटली कोमट पाण्यात उभी ठेवली की खडे विरघळतात. करपट वास मात्र कोणत्याही उपायाने जात नाही. विक्रीचा विचार असेल, तर अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्यावी आणि बाटलीवर भरल्याची तारीख घालावी.